रीत : खुद्द

सोमवार, ६ ऑगस्ट १९७९

हक्काच्या रजेचा एक दिवस फुकट गेला.

मळ्याचे खरेदीखत आज व्हायचे होते. पिंपळगाव बसवंतचे द्राक्षवाले अण्णा सकाळीच टेम्पो घेऊन आले. सोबत दोन साक्षीदार आणि कांद्याची एक गोणी, ती आम्हाला भेट. सब-रजिस्ट्रारनी दस्त चाळला आणि विचारले, "पन्नास हजारांच्या वरचा व्यवहार आहे. इन्कमटॅक्सचा दाखला कुठंय?" मी म्हणालो, मी देवळाली कॅम्पला सब-पोस्टमास्तर आहे. ते म्हणाले, "असाल. दाखला आणा." कांद्याची गोणी मात्र अण्णांनी परत नेली नाही.

पुढेमागे वाद नको म्हणून सविस्तर लिहून ठेवतो. मळा पेठ रोडला, एक एकर, एक विहीर. कै. दादांनी १९३९ साली फुलांच्या कमाईतून स्वतः घेतलेला. त्यांच्यामागे मी एकुलता मुलगा. सौदा पंच्याऐंशी हजारांना ठरला आहे, पाच हजार इसार घेतला आहे. या पैशांत कॉलनीत तीन खोल्यांचे घर बांधायचे. फाटकावर पाटी : सा. पुं. विधाते. बावीस वर्षे आम्ही दोन भाड्याच्या खोल्यांत काढली. सौ. म्हणते, घरमालक पाण्याच्या बादल्या मोजतो. मी पाहिले आहे, मोजतो.

मळ्यावर माझी थोरली बहीण शकुबाई, म्हणजे आक्का, राहते. तिचे यजमान मनमाडला रेल्वेत खलाशी होते. त्यांनी दुसरे घर केले तेव्हा आक्का माहेरी आली, ते साल १९५१. तेव्हापासून झेंडू, शेवंती, गुलाब, आणि पहाटे टोपली घेऊन फुलबाजारात. आता अठ्ठावन्न वर्षांची आहे. विक्रीनंतर ती आमच्याकडेच राहील. नकाशात स्वयंपाकघराला लागून एक लहान खोली तिच्यासाठी काढली आहे. तिला अजून विचारलेले नाही, पण नाही म्हणायला कारण दिसत नाही. मळा विकतो आहे हे तिला जुलैत सांगितले होते. ती पाणी भरत होती. "बरं," म्हणाली. तेव्हा त्या बाजूने अडचण नाही.

बुधवार, ८ ऑगस्ट

झुंबरलाल वकिलांकडे गेलो. इन्कमटॅक्सची कामे करतात, भांडी बाजारात दुकानावर माडी आहे. बोलताना खालून तांब्याची ठोकाठोक चालू असते, त्यामुळे ते प्रत्येक आकडा दोनदा सांगतात. ऐकताना कर दुप्पट वाटतो.

त्यांनी सांगितले की मला भांडवली नफा झाला आहे. मी म्हणालो, मी सरकारी नोकर आहे, मी नफा करत नाही.

"साहेब, तुम्ही काहीच केलं नाही. किमतीनं केलं. वडिलांनी घेतली आठशेला, विकताय पंच्याऐंशी हजारांना. मधला फरक कुणाच्या खिशात?"

"माझ्या."

"मग झालं. त्यालाच म्हणतात."

मी म्हणालो, शेतजमिनीच्या विक्रीवर कर नसतो असे आमच्या पोस्टातल्या सगळ्यांचे मत आहे. ते म्हणाले, जमीन जकात नाक्याच्या पलीकडे असती, चांगली लांब, तर नसता. नगरपालिकेच्या हद्दीत आहे म्हणून आहे. पूर्वी नाका मळ्याच्या अलीकडे होता आणि दादांना टोपलीमागे जकात पडायची. नाका पुढे सरकला, मळा हद्दीत आला, जकात वाचली, म्हणून दादांनी त्या वर्षी आळीत पेढे वाटले होते. ते पेढे आता फार महागात पडणार.

घर बांधतो आहे असे सांगितले. त्यावर म्हणाले, "घर विकून घर बांधा, सूट. शेत विकून शेत घ्या, सूट. तुम्ही शेत विकून घर बांधणार. त्याला कायद्यात खाना नाही."

अंदाजे चोवीस हजार. खाली ठोकाठोक होती. चोवीस हजार. म्हणजे तीन खोल्यांतली एक गेली.

एक वाट आहे. दादांचे आठशे धरायचे नाहीत. कायदा म्हणतो, १ जानेवारी १९६४ या दिवशी बाजारात जी किंमत होती ती धरता येते. ती जितकी जास्त, तितका नफा कमी. "पण पुरावा पाहिजे," झुंबरलाल म्हणाले. "पंधरा वर्षांमागं एका दिवशी तुमच्या मळ्याला कोण काय देत होतं, हे आता कोण सांगणार?"

मी म्हणालो, मी सांगेन. १९५५ पासून एकही वर्ष डायरीवाचून गेलेले नाही.

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

गुरुवार, ९ ऑगस्ट

ट्रंक उघडली. ६१ सालची कसरीने खाल्ली आहे. ६२ आहे, ६३ आहे, ६५ आहे. ६४ नाही. सौ. म्हणाली, त्या वर्षी तुम्ही निम्मे दिवस मळ्यावर होतात, दादा गेले होते ना. तिला अशा गोष्टी आठवतात.

रविवार, १२ ऑगस्ट

मळ्यावर गेलो. आक्का वाफ्यात बसून रोपांचे शेंडे खुडत होती.

"आक्का, माझी चौसष्टची डायरी इथं राहिली का गं? निळ्या पुठ्ठ्याची?"

तिने हात धुतले, पुसले, आत गेली आणि घेऊन आली. लुगड्याच्या फडक्यात बांधलेली होती, वर हार ओवायचा दोरा. इतक्या पटकन सापडेल असे वाटले नव्हते. तिला वाचता येत नाही, पण पुठ्ठ्याचा रंग लक्षात राहिला असेल.

डायरी उघडली तर तेच पान आपोआप निघाले. पानाच्या कडा मळलेल्या, एके ठिकाणी हळदीचे बोट. मध्ये वाळलेला झेंडू होता. कुणी ठेवला कोण जाणे. मी झाडून टाकला, तर आक्काने उचलून ओच्यात ठेवला. बियाण्यासाठी असेल.

पान असे :

"बुधवार, १ जानेवारी १९६४. थंडी कडाक्याची. शेजारचा गेणू काठे मळा अकरा हजारांना मागतो. रोख द्यायला तयार आहे. आज आक्काने हक्कसोडाच्या कागदावर अंगठा दिला. तिला साडीचोळी केली. आक्का रडली. म्हणाली, आता तू गेणूला विकशील, मग मी कुठे जाऊ. तिला सांगितले की तू कसतेस तोवर मळा विकायचा नाही, हा माझा शब्द. म्हणाली, लिहून ठेव. म्हणून लिहून ठेवले. सा. पुं. विधाते."

अकरा हजार! झुंबरलालचा अंदाज फार तर सहा हजारांचा होता. डायरी लिहिण्याची टिंगल करणाऱ्यांना हे पान दाखवायला हवे. खालच्या मजकुराचा कराशी संबंध नाही.

आक्का समोर उभी होती. "घावलं का, काय पायजे ते?"

"घावलं. आकडा घावला."

"आन् खालचं?"

"खालचं नाही लागत."

"बरं," म्हणाली आणि पुन्हा वाफ्यात जाऊन बसली. आक्का पहिल्यापासून फार बोलकी नाही.

मंगळवार, १४ ऑगस्ट

झुंबरलालनी वरच्या तीन ओळी वाचून माझ्याशी हात मिळवला. मग खालच्या वाचल्या आणि हात काढून घेतला. म्हणाले, आकडा ठेवा, शब्द झाका. "तू कसतेस" हे इन्कमटॅक्सच्या साहेबांनी वाचले तर नको ते प्रश्न निघतील.

घरी येऊन खालच्या ओळींवर कोरा कागद चिकटवला. गोंद पोस्टातला वापरला. सौ. म्हणाली, "काय झाकताय?" मी म्हणालो, अनावश्यक मजकूर. तिने चष्मा लावून पान उजेडाकडे धरले. कागद पातळ होता. रात्री भाजीत मीठ नव्हते.

सोमवार, २० ऑगस्ट

आज झुंबरलालनी हक्कसोडाचा कागद मागितला. नेला. बहिणीने माहेरच्या जमिनीवरचा हक्क भावासाठी सोडल्याचा हा कागद आमच्या सगळ्या घरांत असतो. त्यात विशेष काही नाही. दादा गेले की बहिणी अंगठा देतात, भाऊ साडीचोळी करतो.

त्यांनी कागद उलटा केला, सुलटा केला. "रजिस्टर केलाय?"

"घरात केलाय. मामा साक्षीला होते."

"मामा रजिस्ट्रार होते का?"

"मामा गिरणीत होते."

"मग ह्या कागदात शेंगदाणे बांधा. मळा वडिलांनी स्वतः घेतलेला, वारस दोन. अर्धा बहिणीचा. तेव्हाही होता, आजही आहे."

मला राग आला. मी म्हणालो, आमच्यात बहीण भावाकडे हिस्सा मागत नाही, तशी रीतच नाही. ते म्हणाले, "तिनं कुठं मागितलाय? मी मागतोय. तुमच्या फायद्यासाठी." आणि कागदावर दोन रकाने पाडले. एकट्याच्या डोक्यावर सगळा नफा घेतला की कर वरच्या पायरीने बसतो, डायरीचे अकरा हजार धरूनही बावीस हजार. तोच नफा दोन डोक्यांवर वाटला की दोघेही खालच्या पायरीवर राहतात. माझे साडेसात, आक्काचे साडेतीन. अकरा हजार. बरोबर निम्मा.

"आणि तिच्या वाट्याचे पैसे?" मी विचारले.

"बहीण राहणार कुठं?"

"आमच्याकडे."

"मग पैसे कुठं राहणार?"

मला त्यांच्या बुद्धीचे कौतुक वाटले. कायदाच जर इतके उदार व्हायला सांगत असेल, तर मी कोण आडवा येणारा. फक्त एक अडचण आहे. साहेब विचारणार, इतकी वर्षे बहीण नव्हती, कर भरायच्या वेळीच कुठून आली? ती पहिल्यापासून जमिनीवर आहे याचा जुना पुरावा पाहिजे.

दोघेही एकदम डायरीकडे पाहू लागलो.

घरी येऊन चिकटवलेला कागद ओल्या बोटाने सोडवला. पोस्टाचा गोंद वाईट असतो ही लोकांची तक्रार मी चोवीस वर्षे ऐकतो आहे. आज पहिल्यांदा बरे वाटले.

सौ.ला सगळे समजावले. ती म्हणाली, "म्हणजे हिस्सा द्यायचा?"

"कागदोपत्री."

"आक्कांना कागदोपत्री म्हणजे काय ते सांगाल ना?"

सांगेन म्हणालो.

रविवार, २६ ऑगस्ट

आक्काला सांगितले. "आक्का, सातबाऱ्यावर तुझं नाव लावतोय. अर्धा मळा तुझा."

तिने खुरपे खाली ठेवले. "परत बोल."

परत बोललो.

"कशापायी?"

"टॅक्स निम्मा होतो."

"आसं व्हय," म्हणाली. मग आत जाऊन शिरा केला, तूप घालून. कर वाचला म्हणून शिरा करणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली. कागदोपत्रीचे सांगायचे राहिले. शिरा चांगला झाला होता.

बुधवार, १२ सप्टेंबर

वारसाची नोंद लागली. आज गोटीराम तलाठी पीकपाहणीला खुद्द मळ्यावर आले. एरवी ही पाहणी ते नाक्यावरच्या हॉटेलातून करतात. त्यांनी जुना उतारा वाचून दाखवला. जमीन कसणाराचे नाव : सावळीराम पुंजाराम. रीत : खुद्द. पंधरा वर्षे ओळीने तेच, खाली खाली "सदर, सदर".

आक्काने विचारले, "खुद्द म्हंजी?"

"खुद्द म्हणजे स्वतः, बाई. दुसऱ्याकडून न करवता."

"कोन सोता?"

गोटीरामनी माझ्या बुटांकडे पाहिले. देवळालीच्या लष्करी कँटीनमधून मिळालेले आहेत, काळे, मी रोज पॉलिश करतो. मग वाफ्याकडे बोट दाखवून मला म्हणाले, "हे पीक कोणतं, भाऊसाहेब?"

"झेंडू."

"शेवंती हाय," आक्का म्हणाली. "फुलायची हाय आजून."

माझ्या मते फूल नसताना दोन्ही सारखीच दिसतात. गोटीरामनी लिहिले : शकुबाई पुंजाराम. शेवंती. रीत : खुद्द. आक्काने उताऱ्याची नक्कल मागितली. घडी घालून बटव्यात ठेवली, आणि आम्ही चहा पीत होतो तेवढ्यात दोनदा काढून पाहिली. वाचता येत नाही तिला, मग काय पाहते कळेना.

शुक्रवार, २८ सप्टेंबर

इन्कमटॅक्सचे साहेब तरुण आहेत. त्यांनी पान वरून खालपर्यंत वाचले. झुंबरलाल अकरा हजारांवर बोट ठेवून होते, पण साहेबांचे डोळे बोटाखाली गेले.

"गेणू काठे आहेत?"

आहेत. बाहेर बसवलेल्या गेणूने आत येऊन सांगितले की हो, दिले असते अकरा, याच्या बहिणीपायी राहिले. त्याला अजून वाईट वाटते.

साहेब पुन्हा पानाकडे वळले. "इथं लिहिलंय, तू कसतेस तोवर विकायचा नाही."

"हो."

"अजून कसतात?"

"हो, तोच तर पुरावा आहे."

"आणि विकताय."

"हो."

"त्यांना चालतंय?"

"जुलैतच सांगितलंय त्यांना. बरं म्हणाल्या."

साहेब थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, हा प्रश्न आमच्या खात्याचा नाही, दोघांचेही दाखले मिळतील. किंमत अकरा हजार मान्य. पायऱ्या उतरताना झुंबरलाल म्हणाले, अशी केस त्यांनी आजवर पाहिली नाही. मीही समाधानाने त्यांना केळी घेऊन दिली.

रात्री साहेबांचे ते पाहणे दोनदा आठवले. कारण सापडले नाही.

दसरा

आक्काचा वर्षातला मोठा दिवस. चार दिवस तिला पाठ टेकायला मिळालेली नाही. मी आणि सौ. सकाळी फुलबाजारात गेलो, तर ती झेंडूच्या ढिगामागे बसलेली, फक्त डोके दिसत होते. गिऱ्हाईक भाव पाडून मागत होते. "नाय," म्हणाली. त्याने पुन्हा मागितले. "नाय." तिसऱ्यांदा त्याने तिच्या भावाने घेतले. सौ. म्हणाली, पाहिलंत? मी म्हणालो, काय?

पुढच्या दसऱ्याला ती घरात आरामात बसेल, असे मी सौ.ला म्हणालो. सौ. म्हणाली, "स्वयंपाकघरालगतच्या खोलीत." तिच्या बोलण्यात कधीकधी काय असते ते समजत नाही.

मंगळवार, ९ ऑक्टोबर

झाले ते क्रमाने लिहितो.

साडेदहाला सब-रजिस्ट्रार कचेरी. अण्णा हजर. आक्का नवे हिरवे लुगडे नेसून आली होती, बटवा कमरेला. दाखले पाहिले गेले. दस्त वाचला गेला. सब-रजिस्ट्रारनी नेहमीप्रमाणे मला विचारले, "हा दस्त राजीखुशीनं लिहून देताय?" मी हो म्हणालो, सही केली. कारकुनाने आक्काचा अंगठा धरून शाईच्या गादीवर टेकवला.

"बाई, हा दस्त राजीखुशीनं लिहून देताय?"

"नाय."

कारकून तिचा अंगठा कागदाकडे नेतच होता. तो थांबला. सब-रजिस्ट्रारना वाटले, ऐकू कमी येते. मोठ्याने विचारले.

"आयकू येतंय," आक्का म्हणाली. "राजीखुशी हाय का म्हन्ता ना? राजी बी नाय आन् खुशी बी नाय."

सब-रजिस्ट्रारनी कारकुनाला विचारले, आता काय लिहायचे असते. कारकून म्हणाला, नोकरीत पहिल्यांदाच आलंय, बघावं लागेल. आणि कपाट उघडून एक पुस्तक शोधू लागला.

मी म्हणालो, "आक्का, असं काय करतेस?"

ती सब-रजिस्ट्रारकडे वळली. साहेबांना म्हणाली, "त्यानं लिव्हून दिलंय. मी कसते तवर मळा इकायचा नाय. आन् मी कसते हे तलाठ्यानं लिव्हलंय." काळा अंगठा लांब धरून डाव्या हाताने तिने बटव्यातून उतारा काढला. "हितं. खुद्द."

"भावानं कुठं लिहून दिलंय?" साहेबांनी विचारले.

डायरी माझ्या पिशवीत होती, दाखल्यांसोबत. घरी आहे म्हणता आले असते. पण सगळ्यांची नजर पिशवीवर होती, आणि चोवीस वर्षांच्या नोकरीत मी कुणाचे टपाल दाबून ठेवलेले नाही. काढून दिली. त्यांनी मोठ्याने वाचले. माझेच अक्षर, माझीच सही. आक्काचे ओठ त्यांच्यासोबत हलत होते. एक शब्द पुढे.

तिला वाचता येत नाही.

अण्णा उठले, टोपी घातली. "पोस्टमास्तर, हे आधी सांगायचं."

मी म्हणालो, मलाही आत्ताच कळलं. हे मात्र खोटे बोललो.

बाहेर वडाखाली आक्का अंगठ्याची शाई पाल्याने पुसत होती. मी म्हणालो, "मग जुलैत बरं का म्हणालीस?"

"तू सांगितलंस. सांगितल्याव बरं म्हन्त्यात."

"नाही म्हणायचं होतंस!"

"कुनाला? इचारलं कुनी? त्या सायबानं इचारलं, त्याला सांगितलं."

मग म्हणाली, साडेबाराची बस गाठते, शेवंतीला पाणी राह्यलंय. आणि गेली.

चौसष्टला तिचा हाच अंगठा मी धरला होता. तेव्हा राजीखुशीचे कुणी विचारले नव्हते. मामा घाई करत होते, त्यांना गिरणीत पाळी होती. घरी येऊन आक्कावर रागाने चार ओळी लिहायला बसलो, पण राग नाही. लाज वाटते आहे. तसे लिहितो.

शनिवार, १३ ऑक्टोबर

झुंबरलालकडे गेलो. ते मान्य करतात की नोंद लावायची युक्ती त्यांची. "पण साहेब, कर बघा," म्हणाले. "विक्री नाही, नफा नाही. बावीसाचे अकरा केले होते, बहिणीनं अकराचं शून्य केलं. माझ्याहून हुशार वकील आहे." फी मात्र घेतली.

अण्णांचा इसार दिवाळीपूर्वी परत करायचा. दीड हजार कमी पडत होते. सौ. सकाळी मळ्यावर जाऊन आली. पैसे हाराच्या दोऱ्याने बांधलेले होते, त्यांना झेंडूचा वास येत होता. आक्काने निरोप काय दिला, विचारले. सौ. म्हणाली, "काही नाही. डायरी परत कधी मिळेल, विचारत होत्या. गेणूच्या नातीकडून वाचून घ्यायचीय. दर नव्या वर्षाला कुणाकडून तरी घेतात म्हणे."

पंधरा वर्षे. मी ते पान पंधरा वर्षांत एकदाही वाचले नव्हते.

भाऊबीज

मळ्यावर गेलो, दोघेही. आक्काने पाट मांडला, ओवाळले. मी साडी ताटात टाकली. ती ताट धरून उभीच राहिली. मग मी पिशवीतून चौसष्टची डायरी काढून ताटात ठेवली. तिने ओच्यातून झेंडू काढला, आणि पाने न चाळता नेमक्या जागी ठेवला. तोच ऑगस्टमधला. बियाण्यासाठी नव्हता.

मी म्हणालो, "आक्का, चुकलं माझं."

"जेव आधी," म्हणाली.

जेवण झाल्यावर तिने आम्हाला विहिरीच्या वरच्या अंगाला नेले. तिथे खडकाचा पट्टा आहे. "हितं काय उगवत नाय. तुज्या निम्म्यातच येतंय. बांध की घर." मी म्हणालो, इथून देवळालीला दोन बस कराव्या लागतील आणि पैसे दोन खोल्यांपुरते आहेत. तोवर सौ.ने पावलांनी स्वयंपाकघर मोजले होते. विहिरीकडे बघून म्हणाली, "इथं बादल्या कोण मोजणार?"

विचार करू म्हणालो. सौ. म्हणाली, "आम्ही केला."

मंगळवार, १ जानेवारी १९८०

थंडी कडक. नवी डायरी सुरू.

कायद्याने सोळा वर्षांपूर्वीचा एक दिवस पकडून किंमत विचारली. उद्या सरकार आजचाच दिवस पकडील, कुणी सांगावे. म्हणून दर एक जानेवारीला मळ्याची किंमत नोंदवायचे ठरवले आहे. गेणूला विचारले, तो लाखाच्या पुढे बोलतो. पिंपळगावच्या अण्णांनीही निरोप पाठवला, किंमत वाढवून.

संध्याकाळी मळ्यावर गेलो. आक्का उद्याचे हार ओवत होती. मी पेन काढून बसलो. "आक्का, आजची किंमत काय लिहू?"

"लिव्हायच्या आधी इचार."

"काय विचारू?"

"सायबानं इचारलं व्हतं तसं."

विचारले. "आक्का, मळा विकायला राजीखुशी आहे का?"

नाय म्हणाली.

लिहून ठेवले. सा. पुं. विधाते.